डोलकाठीला आधाराला तार लावावी की डायनीमाची दोरी?

नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी गोडं, म्हणून स्टेनलेसच्या तारेला काही होत नाही, असं मीही मानत होतो. मागच्या हिवाळ्यात साध्या झुळुकीत आमच्या होडीची डोलकाठी बाजूने ताणून धरणारी तार तुटली आणि डोलकाठी पाण्यात आडवी झाली. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. तारेतल्या १९ काड्यांपैकी बऱ्याच, टोकाला तारेवर दाबून बसवलेल्या नळीच्या तोंडाशीच तुटलेल्या. त्यांचे काप सपाट, काळपट. थोड्याच काड्या ताज्या, चकचकीत. म्हणजे तार कित्येक महिने आतून तुटत होती! खारं पाणी धातूचा थकवा वाढवतं, पण तो यायला मीठ लागतंच असं नाही. काठी हलली की तार त्याच जागी वाकते. हजारो वेळा वाकली की बारीक चीर पडते आणि पुढे सरकत जाते. बाहेरून सगळं ठीकच दिसतं.

डायनीमाचं, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचं, तसं नाही. घासली की तिला लव सुटते, बोटाला लागते. वजनाला अगदी हलकी, आणि टोक घरीच गुंफता येतं. मात्र ती कायमच्या ताणाखाली हळूहळू लांबते, उन्हात जास्तच; आणि नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश. धारदार कड तर तिला लगेच कापते.

तरी मी दोरीच घेतली. तारच ठेवणार असाल, तर दर महिन्याला नळीच्या तोंडावरून कापूस फिरवा. कापसाचा धागा तुटलेल्या काडीत अडकला, तर त्या दिवशी होडी पाण्यात घालू नका.