साथ सुरू असताना आफ्रिकेचं तिकीट काढायचं का? तीन देशपद्धतींची तुलना

टॉवेलची ऑर्डर पूर्व आफ्रिकेतली, सॅम्पल घेऊन जायचं ठरलेलं, आणि नेमकी तिकडे इबोला किंवा त्याच्याच कुळातल्या मारबर्ग विषाणूची साथ लागलेली. अशा वेळी सोलापूरचा निर्यातदार आधी विचारतो, "धोका किती?" तिकिटापुरतं बोलायचं तर त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: परत येताना कोण अडवणार, कुठे आणि किती दिवस? जाताना फारसं कोणी अडवत नाही.

निघतानाच तपासणी

रवांडाने २०२४ च्या मारबर्ग साथीत हीच पद्धत वापरली. विमानं चालू ठेवली, पण रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना २१ दिवस देश सोडायला मनाई केली आणि बाकीच्यांचं विमानतळावर तापमान तपासलं. ६६ रुग्णांपैकी १५ दगावले. मारबर्गच्या मानाने हे प्रमाण कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही साधारण हाच मार्ग सुचवते.

यात त्रास होतो तो ताप असलेल्या प्रवाशाला, मग कारण काहीही असो. २०१४ च्या इबोला साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये पहिल्या दोन महिन्यांत सुमारे ३६,००० प्रवासी तपासले आणि ७७ जणांना विमानात बसू दिलं नाही. त्यांच्यापैकी एकालाही इबोला असल्याचं आढळलं नाही. बऱ्याच जणांना मलेरिया होता. म्हणजे तिकडे मलेरियाच्या गोळ्या चुकवल्या, तर इबोलाच्या नावाने विमान चुकू शकतं. उलट बाजूही आहे. लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंतच्या दिवसांत तापमापकाला काहीच कळत नाही, आणि पॅरासिटामॉल घेतलेला माणूसही त्यातून सुटतो.

उतरल्यावर दिवस मोजणं

ही उणीव अमेरिकेला महागात पडली. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियाहून निघताना ताप नसलेला एक प्रवासी ब्रुसेल्समार्गे डॅलसला पोचला, काही दिवसांनी आजारी पडला आणि दगावला. त्यानंतर अमेरिकेने त्या तीन देशांतून येणाऱ्यांना पाचच विमानतळांवर उतरवायला सुरुवात केली आणि घरी गेल्यावर २१ दिवस रोज तापमान कळवायला लावलं.

२१ दिवस का, तर इबोलाची लक्षणं दिसायला जास्तीत जास्त तेवढा काळ लागतो, आणि लक्षणं दिसण्याआधी तो माणूस दुसऱ्याला लागण करत नाही. म्हणून रोज नोंद ठेवली की पुरतं, कोंडून ठेवावं लागत नाही. कोविडला हे गणित लागू पडलं नाही, कारण तो लक्षणांआधीच पसरत होता. विमानतळावरच्या ताप मोजायच्या बंदुका तिथे जवळपास दिखाऊच ठरल्या.

नायजेरियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. जुलै २०१४ मध्ये लागोसला एक आजारी प्रवासी विमानातून उतरला. आरोग्य यंत्रणेने त्याच्या संपर्कातल्यांची साखळी शोधून घरोघरी पाठपुरावा केला. २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. प्रवाशाला आणि देशाला, दोघांनाही परवडते ती हीच पद्धत, असं आमचं मत.

दार बंद

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने साथीच्या देशांसाठी व्हिसा थांबवले. १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगच्या वेळी आखाती देशांनी भारताची विमानं रोखली होती. कोविडमध्ये आपणही नियमित आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२० ते मार्च २०२२ बंद ठेवली. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तंबी दिली. न्यूझीलंडला बंदी फळली, कारण चहूबाजूंनी समुद्र आणि जोडीला १४ दिवसांचं सक्तीचं विलगीकरण.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीप्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीपलीकडे जाऊन प्रवास अडवणाऱ्या देशाने ४८ तासांत तिला कारण कळवायचं असतं. कारण कळवलं तरी बंदी राहतेच, आणि मध्ये अडकलेल्याच्या हॉटेलचं बिल कोणी भरत नाही.

मग तिकीट कसं काढायचं

यजमान देशात निघताना तपासणी होत असेल आणि तुमचं काम रुग्णालयं, अंत्यविधी, जंगल यांपासून लांब असेल, तर जायला हरकत नाही. पण ट्रान्झिटच्या देशाने साथीच्या देशातून आलेल्यांना बंदी घातली असेल, तर तो मार्ग सोडा, तिकीट कितीही स्वस्त असो. प्रवेश नाकारला गेला तर प्रवाशाला परत न्यायचा भार विमान कंपनीवर येतो, म्हणून ती बोर्डिंग पासच देत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी हात वर करते. कंपनीने विमान रद्द केलं तर पैसे परत मिळतात किंवा दुसरं विमान. तुम्ही घाबरून रद्द केलंत तर कॅन्सलेशन चार्ज तुमच्या माथी. विमा घेताना साथ जाहीर झाल्यानंतरचे दावे वगळलेत का, ते कलम आधी वाचा.

पिवळ्या तापाचं कार्ड ही वेगळी भानगड, पण साथ असो-नसो ते लागतंच. लस शासनमान्य केंद्रावरच मिळते. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पिवळ्या तापाच्या यादीतल्या देशातून कार्डाशिवाय मुंबईत उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. विमान आठवड्यावर आल्यावर धावपळ केली तर उपयोग नाही.

परतल्यावर २१ दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. मोजणी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून सोलापूरला उतरल्यापासून नाही, तो देश सोडल्याच्या दिवसापासून. ताप आला तर रिक्षा करून थेट ओपीडीच्या रांगेत जाऊन बसू नका. घरी वेगळ्या खोलीत थांबून सिव्हिलला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात देशाचं नाव सांगा. डॉक्टर मलेरियाची तपासणी लगेच करतील. इबोलाची शंका असेल तर नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे जाईल. तोवर घरच्यांनी तुमचं ताट-तांब्या आणि कपडे वेगळे ठेवायचे.