थीम पार्कच्या व्हिडिओंवर घर चालवायचं असेल तर: रोजचा व्लॉग, माहितीपट की सहलीचं मार्गदर्शन?

थीम पार्कचे व्हिडिओ करून घर चालवणारी माणसं खरोखर आहेत. मात्र सगळ्यांचा पैसा एकाच वाटेनं येत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला या वाटा सारख्याच दिसतात. माझ्या भाचीनं नोकरी सोडायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: हातात कॅमेरा, रोज पार्क, रोज एक व्हिडिओ. मी व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, आणि तिला पहिल्यांदा रोलर कोस्टरवर बसवलं तेही मीच. "मामा, महिन्याचा खर्च सुटेल का, एवढंच सांग," असं तिनं विचारल्यावर वरवरचं उत्तर देऊन चालणार नव्हतं. तिच्यासाठी मांडलेला हिशेब इथे देतो.

मला दिसणाऱ्या वाटा तीन. पहिली, रोजचा किंवा आठवड्यातून तीन-चार वेळा येणारा व्लॉग, म्हणजे व्हिडिओतली रोजनिशी. दुसरी, एकेका विषयावर दोन-चार महिने खपून केलेला लांब माहितीपट. तिसरी, सहलीचं मार्गदर्शन: कुठे जावं, कधी जावं, कोणाला कशावर बसवावं.

रोजचा व्लॉग

हा प्रकार रुजला तो अमेरिकेतल्या ऑर्लँडोत, आणि त्याला कारण तिथला भूगोल. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. आज तिथे चार थीम पार्क आहेत. युनिव्हर्सलचं पहिलं पार्क १९९० चं, दुसरं १९९९ चं, आणि एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क २२ मे २०२५ ला सुरू झालं. शिवाय सीवर्ल्ड आहे, आणि गाडीनं तासाभरावर लेगोलँड. डिस्नेच्या एपकॉट पार्कात वसंतात फुलांचा उत्सव, पावसाळा सरता सरता खाण्याचा उत्सव, मग हॅलोविन, मग नाताळ. कुठे राइड दुरुस्तीसाठी बंद, कुठे नव्या बांधकामाभोवती पत्रे उभे. वार्षिक पास काढलेला आणि पार्कापासून अर्ध्या तासावर राहणारा माणूस रोज घराबाहेर पडला तरी त्याला सांगण्यासारखं काहीतरी मिळतं. 'द टिम ट्रॅकर'सारखं एका कुटुंबाचं चॅनेल वर्षानुवर्षं चालतं ते या जमिनीवर. प्रेक्षकांना त्या कुटुंबाचा लळा लागतो हे खरंच, पण लळा लागेपर्यंत रोज दाखवायला काही असावं लागतं.

आता हेच खोपोलीत करून पाहा. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. तिथला नायट्रो हा पायाखाली जमीन नसलेला कोस्टर मला मनापासून आवडतो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीचा, जगातल्या कुठल्याही पार्कात शोभेल असा. पण इतक्या वर्षांनंतरही त्या पार्कातलं सगळ्यात मोठं आकर्षण तोच आहे. पहिल्या व्हिडिओत नायट्रो, दुसऱ्यात डीप स्पेस, तिसऱ्यात राजासॉरस, मग जेवण, मग गर्दी. दहाव्या व्हिडिओला काय दाखवणार? वंडरलाची पार्कं कोची, बंगळूर, हैदराबाद, भुवनेश्वर आणि चेन्नईला आहेत, म्हणजे दर वेळी रेल्वेचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात राहत असाल तर ही वाट मी आधीच खोडतो. मेहनतीची तयारी कितीही असली तरी आपल्याकडे तिला पुरेल एवढा रोजचा ऐवज नाही.

ऑर्लँडोत राहणाऱ्यालाही या वाटेवर एक मोठा धोका आहे. मार्च २०२० मध्ये पार्कं बंद झाली. डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२० ला उघडलं, पण कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड थेट ३० एप्रिल २०२१ ला. तेरा महिने! पुढे डिस्ने वर्ल्डनं नोव्हेंबर २०२१ मध्ये बहुतेक वार्षिक पासांची नवी विक्री थांबवली ती एप्रिल २०२३ पर्यंत. ज्याच्याकडे पास नव्हता, त्याला त्या काळात रोजच्या व्लॉगचं गणित जमवणं जवळजवळ अशक्य होतं. तुमच्या धंद्याचं फाटक दुसऱ्याच्या हातात आहे, हे या वाटेवर सगळ्यात जास्त जाणवतं.

पैशांचंही बघू. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतून ५५ टक्के तुमचे. व्हिडिओ आठ मिनिटांहून मोठा असेल तर मध्येही जाहिरात लावता येते. दर मात्र प्रेक्षक कुठल्या देशात बसला आहे त्यावर ठरतो, आणि भारतातल्या मराठी प्रेक्षकाचा दर अमेरिकेतल्या प्रेक्षकापेक्षा बराच कमी असतो. समजा दर हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती पन्नास रुपये पडले. महिन्याला ४०,००० रुपये हवे असतील तर आठ लाख व्ह्यूज लागतील, दर महिन्याला, न चुकता. त्यातून तिकीट, टोल, पेट्रोल, जेवण वजा करा. पन्नासचा आकडा मी समजण्यासाठी धरला आहे. तुमचा स्वतःचा आकडा हाती आला की तो घालून हाच हिशेब पुन्हा करा.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण व्लॉग करणाऱ्याला हा फटका हमखास बसतो. एका पार्कातल्या संध्याकाळच्या मिरवणुकीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ मी एका मित्रासाठी एडिट करून दिला होता. मागे वाजणारं गाणं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आला आणि त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळली. त्याच्या चॅनेलवर त्या महिन्यात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच होता. तेव्हापासून मिरवणूक असो की आतषबाजी, मी मूळ आवाज काढून वर निवेदन टाकतो.

लांब माहितीपट

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटणारी वाट ही, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

केव्हिन पर्जरर यांनी २०१७ मध्ये 'डिफंक्टलँड' सुरू केलं. बंद पडलेल्या राइड आणि पार्कांचा इतिहास हा त्यांचा विषय. २०२१ मध्ये त्यांनी डिस्नेच्या फास्टपासवर, म्हणजे रांगेच्या व्यवस्थेवर, पावणेदोन तासांच्या आसपासचा व्हिडिओ केला. त्यासाठी संगणकावर एक काल्पनिक पार्क उभारून गर्दी कशी सरकते ते दाखवलं. रांगेसारखा रुक्ष विषय, पण प्रत्येक पालकानं उन्हात भोगलेला! जेनी निकोलसन यांनी मे २०२४ मध्ये डिस्नेच्या स्टार वॉर्स हॉटेलवर सुमारे चार तासांचा व्हिडिओ टाकला. ते हॉटेल १ मार्च २०२२ ला सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०२३ ला बंद पडलं. दोन रात्रींसाठी दोघांचा खर्च सुमारे ४,८०० डॉलरपासून सुरू व्हायचा. हॉटेल बंद होऊन सात-आठ महिने झाल्यावर आलेला तो व्हिडिओ लोकांनी बसून पूर्ण पाहिला, त्यावर वर्तमानपत्रांनी लिहिलं.

दोन्ही उदाहरणांत पार्क बंद असण्यानं काही अडलं नाही. बंद पडणं हाच विषय होता. व्लॉग आठवड्याभरात शिळा होतो. नीट केलेला माहितीपट तीन वर्षांनीही कोणीतरी शोधत येतं. पैसाही वेगळ्या वाटेनं येतो. जाहिरात असतेच, पण असे लोक पेट्रिऑनसारख्या ठिकाणी दरमहा वर्गणी देणाऱ्यांवर बरेच टिकून असतात. यूट्यूबवरच सदस्यत्व ठेवलं तर त्यातले ७० टक्के तुम्हाला मिळतात.

आणि विषय? आपल्याकडे सोन्याची खाण आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं; मुंबई-ठाण्याच्या किती शाळांच्या सहली त्या बोटीतून गेल्या असतील! त्याच्या जाहिरातीची ओळ आजही चाळिशीतल्या कोणालाही अर्धी म्हणून दाखवा, पुढची अर्धी तो पूर्ण करतो. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ते २००८. त्याचं नाव १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीवरून. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे १९५६ पासूनची. जत्रेतला आकाशपाळणा आणि मौत का कुआँ: कोण चालवतं, कुठून आणतं, पावसाळ्यात ही माणसं काय करतात? यातल्या एकेका विषयावर तासभराचा चांगला मराठी माहितीपट होऊ शकतो.

अडचण काळाची आहे. एका व्हिडिओला तीन महिने गेले आणि तो चालला नाही, तर तीन महिने गेले. जुनी छायाचित्रं शोधायची, त्यांची परवानगी घ्यायची, जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींसाठी हेलपाटे घालायचे. वर्षाला चार व्हिडिओ झाले तरी खूप. वर्गणी देणारे सुरुवातीला मोजकेच असतात. पहिली दोन वर्षं घरात दुसरं उत्पन्न असेल तरच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहलीचं मार्गदर्शन

दिसायला ही वाट सगळ्यात साधी. प्रत्यक्षात मराठी माणसाला हातात लवकर पैसा देणारी हीच, असं मला वाटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर किंवा दुबईला निघालेल्या कुटुंबाला कोस्टरचा थरार बघायचा नसतो. आजींच्या गुडघ्यांना किती चालावं लागेल, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, धाकट्याला कुठल्या राइडवर घेतील, हे त्यांना हवं असतं. ऑर्लँडोचंच घ्या: डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कातल्या स्पेस माउंटन कोस्टरला किमान उंची ४४ इंच, युनिव्हर्सलमधल्या हॅग्रिडच्या मोटारसायकलच्या राइडला ४८, तिथल्याच व्हेलोसिकोस्टरला ५१. दारात मुलाला पट्टीखाली उभं केलं आणि नाही म्हणाले, तर पुढचा अख्खा दिवस त्या घराचा बिघडतो. हे मराठीत, आपल्या घरांची पद्धत ओळखून सांगणाऱ्याला प्रेक्षक कमी असले तरी ते ऐन खर्च करण्याच्या बेतात असतात. तिकिटं आणि हॉटेलं विकणाऱ्या संकेतस्थळांकडून दुव्यामागे कमिशन मिळतं. अमेरिकेत अनेक निर्माते सहल आखून देणाऱ्या एजंटबरोबर काम करतात. तिथे कमिशन बहुतेकदा पार्क किंवा हॉटेल देतं, प्रवाशाला वेगळे पैसे पडत नाहीत. इथे पाच हजार व्ह्यूज मिळालेला व्हिडिओही लाखभर व्ह्यूजच्या व्लॉगपेक्षा जास्त मिळवून देऊ शकतो.

यात जपायचं ते विश्वासाला. कमिशन मिळतं हे व्हिडिओतच, ऐकू येईल असं सांगा. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत आहे. पार्कानं फुकट तिकिटं आणि मुक्काम दिला तर तोही करात येतो: २०२२ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला २०,००० रुपयांहून जास्त मूल्याच्या अशा लाभावर दहा टक्के कर कापावा लागतो. माहिती शिळी होऊ द्यायची नाही, हे दुसरं पथ्य. वेळा, दर, नियम बदलतात. दर सहा महिन्यांनी जुना व्हिडिओ तपासून नवा करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पैसे याच कामाचे मिळतात.

तिन्ही वाटांवर आडव्या येणाऱ्या गोष्टी

पार्क म्हटलं की मुलं बघणार. सप्टेंबर २०१९ मध्ये पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबवर १७ कोटी डॉलरचा दंड बसला, आणि जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी बनवलेला' ठरलेल्या व्हिडिओवर प्रेक्षकानुसार जाहिराती, कॉमेंट, सदस्यत्व हे सगळं बंद. म्हणून निवेदन पालकांशी बोलणारं ठेवा. कार्टूनच्या वेशातल्या माणसांशी खेळणारी मुलं हाच व्हिडिओ असेल, तर कमाई धरू नका.

परवानगीचं म्हणाल तर डिस्नेच्या नियमांत व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते असं लिहिलेलं आहे, हातातल्या कॅमेऱ्याकडे तिथे बहुधा काणाडोळा होतो, आणि सेल्फी स्टिकवर २०१५ पासून बंदी आहे. मोठ्या कोस्टरवर हातात फोन कुठेच धरू नये. वरून पडलेला फोन खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या कितीतरी मराठी मुलींच्या मनात हा विचार येतो: पार्क जवळ, वेळ हाताशी. पण कामाची परवानगी नसताना यूट्यूबची कमाई सुरू करणं व्हिसाला जड जाऊ शकतं. आधी वकिलाला विचारा, मगच कमाईचं बटण दाबा. भारतात राहून करत असाल तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. ॲडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या गूगलच्या खात्यात, डब्ल्यू-८ बेन हा कराचा फॉर्म भरलात तर दोन्ही देशांच्या करारानुसार तो १५ टक्के पडतो.

भाचीला मी नोकरी सोडू दिली नाही. शनिवार-रविवारी मार्गदर्शनाचे व्हिडिओ, आधी इमॅजिका आणि हैदराबादचं वंडरला, कारण तिथे ती तीनदा जाऊन आली आहे आणि आजी-आजोबांना घेऊन गेली आहे. जोडीला वर्षभरात एकच माहितीपट, एस्सेलवर्ल्डवर. त्यासाठी तिनं गोराईच्या बोटीवर काम केलेल्या एका काकांना शोधून काढलं आहे. पहिली मुलाखत येत्या रविवारी आहे, आणि कॅमेरा मी धरणार आहे.