मोबाइल, यूएसबी माइक की इंटरफेस? वर्गात कविता वाजवायची असेल तर

बसमध्ये बाजाची पेटी मांडीवर घेऊन शाळेत जायचा प्रयोग मी एकदाच केला. मिरजेहून तासाभराचा रस्ता, त्यात खड्डे. वर्गात पेटी उघडली तर भात्याची घडी एका कोपऱ्यात उसवलेली. सूर लागायच्या आधी फुस्स असा आवाज आला आणि आठवीचा अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी ठरवलं की कविता घरी गाऊन रेकॉर्ड करायची आणि वर्गात नुसती वाजवायची.

माझं बी.एड.चं दुसरं वर्ष. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात. माझी पद्धत, म्हणजे शिकवायचा निवडलेला विषय, मराठी, त्यामुळे कवितेचे पाठ चुकत नाहीत. पाठ टाचणात तंत्रज्ञानाच्या वापराचा रकाना असतो, तो भरायचाच असतो. शिवाय गाण्याची हौस आधीपासूनची. त्यामुळे माइक घेताना मी स्वतःला सांगत होतो की हे शाळेसाठी आहे, आणि दुकानात बघत होतो ते सगळं गाण्यासाठीचं. बरोबरचे छात्राध्यापक आता मला 'कोणता घेऊ?' म्हणून विचारतात. त्यांना मी आधी उलट विचारतो, रेकॉर्डिंग ऐकणार कुठे? हेडफोनवर, की पत्र्याखालच्या वर्गात चाळीस मुलांबरोबर?

मोबाइलपासून सुरुवात करा. तो फुकटात पडतो हे खरंच, पण त्याच्या खोडी कळल्याशिवाय पुढचे पैसे कशासाठी मोजतोय ते कळत नाही. मोबाइलचं रेकॉर्डिंग बोलण्यासाठी बांधलेलं असतं. आवाज बारीक झाला की तो आपणहून वाढवतो, मोठा झाला की दाबतो. गाताना दोन ओळींमध्ये श्वासाला थांबलो की मागचा पंखा हळूहळू वर यायचा, आणि पुढची ओळ सुरू झाली की खाली बसायचा. दुसरी खोड पेटीवाल्यांना जास्त छळते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं फोनमधल्या आवाज गाळणाऱ्या सोयीला वाटतं, आणि पेटीचा धरून ठेवलेला षड्ज नेमका तसाच असतो. माझ्या फोनवर तो तीन-चार सेकंदांत विरायला लागायचा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता आली तर आधी बंद करा.

यावर हजाराच्या आसपासचा वायरवाला कॉलर माइक हा चांगला उतारा आहे. बोयाचा बीवाय-एम१ बऱ्याच जणांकडे दिसतो. त्याची वायर ६ मीटर लांब आणि मध्ये एक बटण असतं, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. बटण चुकीच्या बाजूला राहिलं म्हणून 'माइक खराब निघाला' अशी तक्रार मी दोनदा ऐकली आहे. ज्या फोनला गोल जॅकच नाही, त्याला यूएसबी-सी कन्व्हर्टर लागतो, आणि माइकच्या पिनेवर तीन पट्ट्या आहेत ना ते बघून घ्या. दोनच असतील तर फोन सहसा त्याला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो.

कॉलर माइकचं सगळं बळ जवळ असण्यात आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. पेटी वाजवत असाल तर क्लिप उजवीकडे लावा. भात्यावर डावा हात असतो, त्या बाजूचा शर्ट सारखा हलतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कापड घासल्याचा खर्रर्र आवाज येतो. नुसतं वाचन, गोष्ट किंवा श्रुतलेखन करायचं असेल तर इथेच थांबा. याहून महाग काही घेतलं तरी मुलांना फरक कळणार नाही.

यूएसबी माइकची गंमत वेगळी. लॅपटॉपला जोडला की झालं, आवाजही एकदम भरीव. पण यातले बहुतेक कंडेन्सर जातीचे असतात, आणि कंडेन्सरला सगळंच ऐकू येतं. मित्राचा आणून रात्री नऊला बसलो. शेजारच्यांची मालिका, गच्चीवरची कुत्री, आईनं बंद केलेला नळ, सगळं जसंच्या तसं आलं. खाली सतरंजी, मागे दोरीवर दोन गोधड्या, पंखा बंद, असं सगळं केल्यावर जरा माणसात आला. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला तर अनेकदा बारीक घूं आवाजही जातो. ब्ल्यू यतीसारख्या माइकला चार दिशांचे पर्याय असतात, आणि तो वरच्या टोकानं नव्हे तर बाजूनं ऐकतो. बरेच जण आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडासमोर धरतात आणि मग आवाज पातळ आला म्हणतात.

मराठी गाणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. फ, भ, ख, ठ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो. 'फुलपाखरू' म्हटलं की सुरुवातीलाच धप्प. मी भरतकामाच्या लाकडी रिंगेत जुना पायमोजा ताणून बसवला आणि माइकच्या चार बोटं पुढे धरला. माइक तोंडासमोरून थोडा तिरका केला तर निम्मं काम तसंही होतं.

यूएसबी माइक घ्यायचाच असेल तर त्यालाच हेडफोनचं भोक आहे ना, ते पाहा. नसेल तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून उशिरा कानात येतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला एका बाजूनंच २३ मिलिसेकंद जातात, दोन्ही बाजू धरल्या की गाणारा हमखास मागे ओढला जातो. ब्लूटूथ इअरफोनचं तर नावच नको, त्यात याच्या कितीतरी पट उशीर होतो.

आता इंटरफेस. म्हणजे माइक किंवा वाद्य लॅपटॉपला जोडून देणारा फोकसराइट स्कारलेटसारखा छोटा डबा, त्याला जाड वायरचा माइक, स्टँड, हेडफोन. नीट जमवायचं तर दहा हजारांच्या खाली भागत नाही, आणि हा आकडा वर कुठेही जातो. कंडेन्सर माइक जोडला तर त्याला लागणारे ४८ व्होल्ट हा डबा पुरवतो. भजनाच्या स्टेजवर दिसणाऱ्या जाळीच्या डोक्याच्या माइकला, म्हणजे डायनॅमिकला, ते लागत नाहीत. त्यातला शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून तोच डोळ्यांसमोर येतो. डायनॅमिक थोडा बहिरा असतो, आणि आपल्या घरात तेच बरं. अगदी जवळून गायलं तर गाणं येतं, कुकरची शिट्टी मागे राहते.

इंटरफेस घ्यायचं म्हणून लोक जे मुख्य कारण सांगतात ते मला पुरेसं पटलेलं नाही. 'दोन इनपुट आहेत, गळा आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात.' येतात, पण स्वतःच वाजवत गाणाऱ्या माणसाचं तोंड आणि पेटीचे सूर यांत हातभराचंही अंतर नसतं. गळ्याच्या माइकमध्ये पेटी येतेच, पेटीच्या माइकमध्ये गळा येतो. मित्राच्या इंटरफेसवर मी गळ्याचा ट्रॅक नुसता ऐकला तर पेटी स्वच्छ वाजत होती, फक्त जरा लाजून. खरंच वेगळे ट्रॅक हवेत तर आधी पेटी, मग ती कानात घेऊन गाणं असंच करावं लागतं, आणि ते यूएसबी माइकवरही होतं. म्हणून इंटरफेस त्यानं घ्यावा ज्याच्याकडे कीबोर्ड किंवा गिटार थेट वायरनं जोडायला आहे, ज्याच्या घरी दोघं एकदम गातात-वाजवतात, किंवा ज्याचं गाणं बी.एड. संपल्यावरही थांबणार नाही.

यूएसबी माइक आणि इंटरफेस यांच्या मधली एक वाट दुकानदार सहसा सांगत नाहीत. काही डायनॅमिक माइकना यूएसबी आणि जाड वायरची पिन अशी दोन्ही जोडणी असते. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स हे त्यातले. आज लॅपटॉपला लावा, उद्या इंटरफेस घेतलात तर त्याला लावा. हेडफोनचं भोक माइकवरच असतं. नोकरी लागेपर्यंत एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

ही झाली घरची बाजू. माझं खरं गणित चुकलं ते वर्गात.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी माझ्या कवितेला मोठ्या प्रेमानं रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावला होता. हेडफोनवर रेडिओसारखं वाटत होतं. वर्गात टेबलावर छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवला आणि सुरू केलं. मागच्या बाकावरनं एक पोरगं म्हणालं, "सर, आवाज हिरीतनं आल्यागत येतोय." अगदी बरोबर होतं त्याचं. उघड्या भिंती, फरशी, वर पत्रा, म्हणजे वर्गाचा स्वतःचा घुमारा भरपूर, त्यात माझा घरचा घुमारा मिसळला आणि शब्द बुडाले. तेव्हापासून वर्गासाठीचं रेकॉर्डिंग मी कोरडं ठेवतो. हेडफोनवर ते रुक्ष वाटतं, वर्गात बरोबर वाटतं. गोधड्यांचा खरा उपयोगही मला तेव्हा कळला.

दुसऱ्या पाठाला निरीक्षक मागे बसले होते. कवितेच्या तिसऱ्या कडव्यात आईचा फोन आला आणि रिंगटोन स्पीकरमधून दणाणली. पोरं खूश, मी गार. ब्लूटूथ वापरायचंच तर फोन फ्लाइट मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा. पण माझं मत विचाराल तर साधी ऑक्सची वायर बरी. ती शेजारच्या वर्गातल्या सरांच्या फोनशी परस्पर जुळत नाही.

शाळेत टीव्ही किंवा पॅनेल असेल तर त्यावर कवितेचे शब्द दाखवा, आवाज मात्र त्याच्यातून काढू नका. बऱ्याच टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, व्यंजनं भिंतीवर आपटून येतात. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून मोठ्या स्पीकरला वायर दिली की फरक लगेच कळतो. पेनड्राइव्ह चालवायचा तर एफएटी३२ फॉरमॅटचा, आणि फाइल एमपी३. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, तेच स्टिरिओ वेव्ह फाइलला १० एमबी. रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरनं शाळेत पाठवायचं तर व्हॉइस नोट नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा.

म्हणून पाच-सहा हजारच असतील तर माझी वाटणी अशी, हजाराचा कॉलर माइक आणि उरलेले सगळे स्पीकरला. उलटं करणारे जास्त भेटतात. मीही त्यातलाच होतो.

पट्टीकडेही बघा. मी काळी एकमध्ये गातो. चाल मंद्रात उतरली की मुलांचे आवाज तिथे पोचेनात, निम्मी नुसती ओठ हलवायची. सॉफ्टवेअरमध्ये चार स्वर वर ढकलून पांढरी चार केली तर माझाच आवाज कार्टूनसारखा झाला. शेवटी पांढरी चारमध्ये पुन्हा गायलो, तारसप्तकात माझी तारांबळ झाली, पण मुलं गाऊ लागली. आणि प्रत्येक ओळीनंतर तेवढ्याच लांबीची रिकामी जागा सोडली, मागून म्हणायला. रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हिंडत कोण कुठे अडतंय ते ऐकता आलं, पेटीमागे बसून ते कधीच झालं नसतं.

सॉफ्टवेअरवर फार डोकं घालू नका. ऑडॅसिटी २००० सालापासून आहे, फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, आणि कापणं, जोडणं, रिकामी जागा टाकणं एवढं सुरेख करतं. आधी पाच सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, तीच नमुना म्हणून दाखवून पंख्याची घरघर काढता येते. जास्त काढलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. बँडलॅब फोनवर बरं आहे. गाण्यात खोल जायचं असेल तर रीपर, ६० दिवस वापरून बघता येतं. ॲपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतंच. मी अजून ऑडॅसिटीवर आहे, आणि तानपुऱ्यांच्या गावात राहून तानपुरा मोबाइल ॲपचा लावतो, हे घरी कुणाला सांगत नाही.

चाल आपली असली तरी शब्द कवीचे असतात. शिकवण्याच्या ओघात वर्गात वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तेच इंटरनेटवर चढवणं वेगळं. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता मोकळी आहे. हयात कवीची परवानगी घ्या. मुलांचा आवाज रेकॉर्ड केलात तर तो मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारल्याशिवाय शाळेबाहेर नेऊ नका. आणि त्या कामाला मोबाइलच सगळ्यात चांगला, मधल्या बाकावर उताणा ठेवायचा, सगळ्यात खणखणीत आवाजाच्या पोरापासून लांब.

जुना माइक कुणाकडून घेणार असाल तर हेडफोन लावून वायर मुळाशी हलवून बघा. खर्र झालं तर सोडून द्या. मित्राचा इंटरफेस मी परत केलाय, कॉलर माइक दप्तरात असतो, आणि पेटी मिरजेतच दुरुस्तीला दिली आहे. भाता शनिवारी मिळेल म्हणालेत.