कुस्वादाचा तयार डबा: दोस घ्या, कुलकुल वेगळी मागवा

डिसेंबर लागला की पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारांत नाताळच्या गोडाचे मिश्र डबे दिसू लागतात. आत पाच-सहा जिन्नस थोडे थोडे: हरभऱ्याच्या डाळीचा दोस, गूळ-नारळाचा दोदोल, तळलेली कुरकुरीत कुलकुल, नेवऱ्या, कधी पेरूचा पेराद, आणि थराथरांच्या बेबिंकाची एखादी फोड. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत या गोडाला कुस्वाद म्हणतात. दिवाळीच्या फराळासारखाच तो ताट झाकून शेजारीपाजारी जातो, हिंदू घरांतही. घरी करायला वेळ नसलेल्यांना किंवा पुण्या-मुंबईत बसून मागवणाऱ्यांना डबा सोयीचा पडतो. चवीलाही बहुतेक डबे बरे असतात. गडबड होते ती टिकण्यात.

कुस्वाद २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या मिसेपासून (चर्चमधल्या प्रार्थनेपासून) ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत पुरवायचा असतो. घरात तो पुरतो, कारण कुरकुरीत एका बरणीत आणि ओलसर दुसऱ्या भांड्यात राहतं. डब्यात दोघांची एकाच झाकणाखाली गाठ पडते. दोदोलचं तेल आणि दोसाची ओल दोन-तीन दिवसांत कुलकुलांत उतरते आणि ती शिळ्या शंकरपाळ्यांसारखी मऊ पडतात. कप्प्यांच्या भिंती झाकणापर्यंत पोचत नसतील तर डबा घेऊच नये.

त्यातल्या त्यात बिनधास्त घ्यावा असा जिन्नस म्हणजे दोस. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटायची, बारीक वाटलेला नारळ आणि साखर घालून मिश्रण कडा सोडेपर्यंत आटवायचं, तूप लावलेल्या ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. साखर डाळीच्या निदान बरोबरीने लागते, जुन्या हातच्या दोसांत दुपटीपर्यंत जाते. गोड फार वाटलं तरी तीच त्याला टिकवते. बेताची साखर घातलेला दोस चांगला लागतो, पण त्यातला ओला नारळ लवकर आंबतो, बुरशीही धरतो. वडी बोटाने दाबून पाहा. ठसा उमटून बोट कोरडं राहिलं तर दोस नीट आटलाय. चिकटलं तर घाईने उतरवलाय, आणि कडेचा भुगा होत असेल तर जास्त आटलाय. भुगा होणारा खायला चालतो, चिकटणारा परत करावा.

दोदोलची परीक्षा गुळात आहे. माडाचा काळा गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ तासन् तास ढवळून नारळाचं तेल सुटेपर्यंत आटवलेला दोदोल जवळजवळ काळा दिसतो आणि त्याला किंचित खारट, धुरकट चव असते. फिका तपकिरी दिसला तर उसाचा गूळ वापरलाय असं समजायला हरकत नाही. वाईट लागत नाही, पण माडाच्या गुळाचा भाव त्याला देऊ नये. चावताना रबरासारखा ताणला गेला तर पीठ जास्त आहे. पिठाची कच्ची चव आली तर हात लवकर थांबलाय, आणि दोदोलच्या बाबतीत तो थांबतोच, कारण शेवटच्या तासात मिश्रण इतकं जड होतं की ढवळायला दोन माणसं लागतात. फ्रिजमध्ये तो दगड होतो. थंडीच्या दिवसांत बाहेर, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेला बरा.

बेबिंका मात्र डब्यातली घेऊ नये. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोडीवर चिकटवलेल्या लेबलावरून थर कसे भाजलेत ते कळत नाही. अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचं पहिल्या पिळणीचं दूध, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचं सरबरीत पीठ एकेक डाव ओतत, प्रत्येक थराआधी चमचाभर तूप सोडत, वरून आच देऊन भाजतात. जुनी रीत नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांची, झाकणावर विस्तव ठेवायची. निदान सात थर, आणि पुढचा ओतण्याआधी आधीचा वरून तांबूस व्हायला हवा. म्हणून एका बेबिंकाला अर्धा दिवस सहज जातो आणि म्हणूनच ती महाग असते. घाईत दोन गोष्टी बिघडतात. खालूनही आच लागली तर तळचा थर चिवट होतो. थर नीट न भाजता पुढचा ओतला तर कापल्यावर सगळा एकच पिवळा गोळा दिसतो. चांगल्या बेबिंकाचे थर सुरीच्या टोकाने एकेक सोलता येतात. अख्खी, कडांसकट घ्या आणि खाण्याआधी किंचित कोमट करा, म्हणजे गोठलेलं तूप सुटतं.

नेवरी ही करंजीची बहीण, नियमही तेच. सारण ओल्या नारळाचं असेल तर ते साखरेबरोबर चांगलं कोरडं परतलेलं हवं. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास येतो. कुरियरने मागवायची तर सुक्या खोबऱ्याची किंवा रव्याच्या सारणाची मागवावी. मुरड सुटलेली एक जरी दिसली तरी बाकीच्यांनीही तळताना तेल प्यायलेलं असण्याची शक्यता मोठी.

कुलकुल वेगळी, हवाबंद बरणीत घ्या. काट्यावर किंवा फणीवर वळलेल्या या छोट्या शिंपल्यांची शेवटची कड दाबली नसेल तर ती तेलात उलगडतात. तेल फार तापलं असेल तर बाहेरून लाल आणि आत पिठाळ राहतात. विकत घेताना एक मोडून नाकाशी धरा. खवट वास म्हणजे तळणीचं तेल जुनं. वरचं साखरेचं आवरण हा वास झाकतं, त्यामुळे साखर न लावलेलीच मागा.

शाकाहारी घरी पाठवताना विचारून घ्यावं असं एक आहे. बेबिंकात अंडी असतातच, कुलकुलांत पुष्कळदा. दोस, दोदोल आणि पेरूच्या पेरादात अंडं लागत नाही, त्यामुळे या तिघांचा डबा निर्धास्त पाठवता येतो. हे तिन्ही ओलसरही आहेत, तेव्हा एकमेकांना बिघडवत नाहीत.

मागणी नोंदवायची तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि पाठवण्याची तारीख २० च्या आसपास ठरवून. घरगुती करणाऱ्या बायका त्यानंतर बेबिंकाच्या नव्या ऑर्डरी घेईनाशा होतात. जी त्यानंतरही हवी तितकी मिळते, ती कधी भाजली आहे हे विचारून घ्या.