बंदूक हाताशी असावी की नसावी? दोन्ही बाजूंचा हिशेब

घरात बंदूक ठेवायचा विचार करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच प्रसंग असतो. रात्री दोन वाजता दार फोडून कोणीतरी आत शिरलंय, बायकापोरं मागच्या खोलीत आहेत आणि आपल्या हातात काहीच नाही. हा प्रसंग घडू शकतो, म्हणून आधी बंदूक हवी म्हणणाऱ्यांचं ऐकून घेऊ.

पोलीस लगेच पोचत नाहीत, आडबाजूला तर नाहीतच. आणि पोचले म्हणून काम झालं असंही नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डे गावच्या शाळेत हल्लेखोर शिरला, तेव्हा साडेतीनशेहून जास्त सशस्त्र पोलीस जमले होते. त्याला आवरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. अशा बातम्या वाचल्यावर ‘आपलं आपणच बघावं’ असं कोणाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरा मुद्दा ताकदीचा. एकटी बाई किंवा म्हातारा माणूस आणि समोर धडधाकट गुंड, ही झुंज बंदुकीने बरोबरीत येते.

पण प्रत्यक्षात असा बचाव किती वेळा होतो? अमेरिकेत १९९०च्या दशकातल्या एका फोन सर्वेक्षणातून वर्षाला २५ लाख वेळा असा आकडा निघाला आणि तो आजही फेकला जातो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या सर्वेक्षणात तोच आकडा लाखाच्या आतबाहेर येतो. त्या फोन सर्वेक्षणात साधारण पाच हजार लोकांना विचारलं होतं. शंभरात एकाने जरी वाढवून सांगितलं, तारीख चुकवली किंवा शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाला ‘बचाव’ म्हटलं, की अख्ख्या देशाच्या लोकसंख्येने गुणल्यावर आकडा लाखांत फुगतो. बचाव होतात, यात शंका नाही. २५ लाखांवर मात्र मी विसंबणार नाही.

आता रात्री दोनच्या प्रसंगाकडेच नीट बघा. पिस्तूल कुठे आहे? नियमाने ठेवलं असेल तर रिकामं, कुलूपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. म्हणजे अंधारात, थरथरत्या हातांनी किल्ली शोधा, मॅगझिन भरा, मग दार गाठा. तोवर व्हायचं ते होऊन जातं. दुसरा मार्ग म्हणजे भरलेलं पिस्तूल उशाशी. ते तुम्हाला पटकन सापडेल, आणि दुपारी पलंगावर खेळणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही. बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी हा पेच थोडा सैल करते, सोडवत नाही. तो ठसा तुमचाच, मग तुमचं डोकं कोणत्याही अवस्थेत असो.

माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. दार फोडून येणाऱ्याची भीती बाळगून आणलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या वाईट घडीला हाती लागते. ती घडी अनेकदा काही मिनिटांची असते, टळली तर माणूस सावरतो, आणि प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी क्वचितच देते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सैनिकांना शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली, तेव्हा तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. सैनिक तसेच, त्यांचे ताणही तसेच, फक्त त्या दोन दिवसांत रायफल जवळ नव्हती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ज्याला मरायचंच असतं तोच बंदूक घेतो. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त लोकांच्या नोंदी तपासणारा २०२० चा अभ्यास याचं बऱ्यापैकी उत्तर देतो. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट निघालं, बायकांत पस्तीसपट. आणि त्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त खरेदीनंतर वर्ष उलटून गेल्यावर झालेले होते. त्याच संशोधकांना पुढे असंही दिसलं की पिस्तूलवाल्याच्या घरात राहणाऱ्या इतरांचा खून होण्याचं प्रमाणही दुपटीहून जास्त आहे. हिंसक नवऱ्याच्या घरात पिस्तूल आणलं तर ते कोणाच्या हाती जाईल, हे वेगळं सांगायला नको.

देशांची तुलना मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे दोन्ही पक्ष सोयीचा देश निवडतात. ‘स्वित्झर्लंड बघा’ म्हणणारे हे सांगत नाहीत की तिथे सैनिकांची घरातली काडतुसं २००७ पासून परत घ्यायला सुरुवात झाली. ‘जपान बघा’ म्हणणारे हे विसरतात की २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंचा खून घरी बनवलेल्या बंदुकीने झाला, तरी अशी घटना तिथे जगभर गाजावी इतकी दुर्मिळ आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेल्यावर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. बंदुकीचे मृत्यू तिथे आधीच घटत होते, त्यामुळे श्रेय किती कायद्याचं यावर वाद आहे. आणि मेक्सिकोत कायदा कडक, तरी सीमेपलीकडून येणाऱ्या बंदुकांनी टोळ्या सजलेल्या. शेजारी ढिला असेल तर आपला कायदा एकटा पुरा पडत नाही.

मग ठरवायचं कसं? ठरावीक माणसाकडून धोका आहे, मदत फार लांब आहे, नियमित सराव करायची तयारी आहे आणि घरात मूल, व्यसनी किंवा खचलेलं माणूस नाही, अशा एकट्याने परवाना घेऊन पिस्तूल ठेवलं तर मी नाक मुरडणार नाही. यांतली एकही अट सुटत असेल तर तोच पैसा दणकट दारावर, कुलपावर आणि भोंग्यावर घालावा. दारापाशी भोंगा वाजला की घरफोड्या बहुधा पळ काढतो, आणि भोंग्याने घरातलं कोणी मरत नाही.

घरात बंदूक आधीपासून असेल तर विकायची घाई नको. पण घरातलं कोणी नोकरी गमावून, घटस्फोटातून किंवा कोणाच्या मृत्यूने खचलं असेल, तर तेवढे महिने ती घराबाहेर, कायद्याने जिथे जमा ठेवता येते तिथे ठेवावी. आणि हे त्या माणसाशी बोलून, त्याच्या संमतीने करावं. गुपचूप लपवली तर तो ती शोधत बसेल.