स्वस्त टेबल सॉ: मोटर राहू दे, आधी खाचा दाखवा

स्वस्त टेबल सॉबद्दल (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं लाकूड कापायचं यंत्र) बोलणं निघालं की सगळे वॅट आणि पात्याचा व्यास यांवरच अडकतात. खरं तर त्यात फारसा फरक नसतोच. २५४ मिमीचं पातं, ब्रशवाली मोटर, ॲल्युमिनियमचं हलकं टेबल आणि कान किटवणारा आवाज. माझं यंत्र याच माळेतलं. मी ड्रॉवर, डबे, भिंतीवरची छोटी कपाटं करते, म्हणजे फळी उभी चिरण्यापेक्षा आडवी कापायचं काम जास्त. आणि नेमक्या आडव्या कापात हे यंत्र, खोक्यातून निघालं तसं, नापास आहे. तरीही घ्या असंच सांगेन, पण क्रॉसकट स्लेड, म्हणजे आडव्या कापासाठी फळी ठेवून पात्यावरून ढकलायचा सरकता पाट, करायची तयारी असेल तरच.

नापास होण्याचं कारण सोबत येणारा मायटर गेज, म्हणजे फळी हव्या कोनात धरून पात्याकडे ढकलायचं साधन. त्याची पट्टी टेबलातल्या लांब खाचेत डुगडुगते, डोकं प्लास्टिकचं, आणि अंशांच्या खुणा म्हणजे निव्वळ शोभा. तो गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावून सरळ केला तरी भागत नाही. पात्यासमोर टेबल इतकं आखूड आहे, की रुंद फळी लावली की काप सुरू व्हायच्या आधी गेजची पट्टी अर्धी बाहेर लोंबकळते. ड्रॉवरच्या समोरासमोरच्या बाजू अर्ध्या मिलिमीटरने जरी वेगळ्या आल्या, तरी कर्ण जुळत नाहीत. मग पटाशी घेऊन तासत बसा.

स्लेड हा सगळा घोळ मिटवते. तळाला १२ मिमीचा सपाट प्लाय, त्याखाली दोन्ही खाचांत बसणाऱ्या दोन पट्ट्या, वर पुढेमागे एकेक उभी भिंत. दोन पट्ट्या असल्यामुळे एकीतला सैलपणा दुसरी खाऊन टाकते. पहिल्या कापात पातं तळातून स्वतःच्या जाडीएवढीच फट पाडतं. ती फट लाकडाचे तंतू खालून धरून ठेवते, त्यामुळे प्लायच्या कडेच्या कपच्या उडत नाहीत. सोबतच्या २४ दातांच्या पात्यानेही कड बरी येते, ६० दातांचं लावलं तर पॉलिश पेपर हातात घ्यावासा वाटत नाही.

आता खाचा. टेबल सॉच्या खाचेचं रूढ माप पाऊण इंच रुंद, ३/८ इंच खोल, म्हणजे साधारण १९ आणि ९.५ मिमी. स्वस्त यंत्रांत ते असेलच असं नाही. काहींत खाच उथळ असते, काहींत वरच्या कडेला आत आलेल्या जिभा असतात आणि तयार मिळणाऱ्या पट्ट्या आत जातच नाहीत. ते चालेल, पट्टी आपण आपल्या मापाने रंधून घेऊ. चालणार नाही ते एवढंच: खाच एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असणं. घेण्याआधी लाकडाची एक नीट बसणारी पट्टी दोन्ही खाचांतून टोकापर्यंत सरकवून बघा. मध्येच अडकली किंवा सैल पडली तर ते यंत्र तिथेच ठेवा.

दुसरी तपासणी पातं आणि खाच समांतर आहेत का याची. यंत्राचा प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करा, खाचेपासून त्याचं अंतर पुढच्या बाजूला मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दोन वेगळे दात घेतले तर पात्याचा बाकही मापात घुसतो. फरक आला तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून पातं सरळ करता येतं. ही सोय आहे की नाही ते माहितीपुस्तिकेत आधी वाचा. हा दोष स्लेड झाकू शकत नाही. मागचे दात कापलेल्या कडेला घासतात आणि लाकूड जळकं दिसतं.

पट्ट्यांना मी सागवान वापरलं. दमट हवेत ते थोडं फुगतं, म्हणून मेणबत्ती घासते. दमट जागा असेल तर ॲल्युमिनियमची चपटी पट्टी बरी.

काटकोनात बसवायची ती तुमच्याकडची भिंत, पलीकडची फक्त तळ एकत्र धरते. ही भिंत १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून करा, एकेरी फळी वाकते. आणि गुण्यावर विसंबू नका, पाच कापांची चाचणी करा. एक फळी घ्या, कापलेली कड दर वेळी भिंतीला टेकवत चारही बाजू कापा, मग पहिली बाजू पुन्हा, पण या वेळी एक पट्टी निघेल अशी. त्या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत चूक चौपट होऊन दिसते. ४०० मिमी लांब पट्टीत ०.८ मिमी फरक आला, तर दर कापाला ४०० मिमीमागे ०.२ मिमी चूक. एका स्क्रूवर भिंत फिरवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) त्याच प्रमाणात सरकवायची. स्वस्त यंत्रावर इतकी अचूकता येते यावर माझा आधी विश्वास नव्हता.

उणिवाही आहेत. तळाची १२ मिमी जाडी कापाच्या खोलीतून वजा होते. टेबल लहान असल्याने मोठी स्लेड कडेला झुकते, म्हणून ती आटोपशीर ठेवा आणि यंत्र बाकाला बोल्टने आवळा, नाहीतर ढकलताना तेच सरकतं. वरचं संरक्षक झाकण स्लेडसोबत बसत नाही. पात्यामागची रिव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) मात्र पात्याच्या टोकापेक्षा खाली राहत असेल तर काढू नका. पातं जिथून तुमच्याकडे बाहेर येतं तिथे भिंतीला जाड ठोकळा चिकटवा, आणि अंगठा त्या रेषेत कधीच नको. कापलेला तुकडा रिप फेन्स (उभ्या कापासाठी पात्याला समांतर लावायचा आधार) आणि पात्यामध्ये अडकेल अशी मांडणी तर मुळीच नको, तो गोळीसारखा परत येतो.

आठ फुटी प्लायच्या शीट चिरायच्या असतील तर हे यंत्र घेऊ नका, तिथे स्लेडचा काही उपयोग नाही आणि याची रिप फेन्स आवळताना मागच्या टोकाला सरकते. डबे, ड्रॉवर, चौकटी करणाऱ्यांनी खुशाल घ्यावं. मायटर गेज खोक्यातच राहू द्या.