रसद: कायम सैन्यात की राखीव तुकडीत?

तेल कंपनीत लागलेला भाचा विचारतो, आर्मी सर्व्हिस कोअरला जाऊ, की नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे सैन्याचं अर्धवेळ राखीव दल) तेल-तुकडीत?

काम बघ आधी. कोअरकडे रेशन, इंधन, वाहतूक, अगदी खेचरंसुद्धा. झोजिला खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत लडाखचा हिवाळी साठा वर पोचवायचा, यात दरवर्षी कस लागतो. तेल-तुकडीत घेतात ते तेल क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांनाच. युद्धात, आपत्तीत, संपात इंधनपुरवठा चालू ठेवायचा. एरवी वर्षाकाठी प्रशिक्षण, बाकी आपलं ऑफिस.

पेन्शनचं म्हणशील, तर राखीववाल्याला ती आपोआप नाही. गणवेशाचा रुबाब मात्र तोच!

हातचा पगार सोडवत नसेल तर तुकडी. बदल्या आणि बर्फ झेपणार असेल, तर वय आहे तोवर कोअर.